कोकणात हौशी स्नूकर लीग सुरू करायची आहे: सामने, हँडिकॅप आणि अजिंक्यपद कसं बसवायचं?

मिऱ्याबंदर

नमस्कार मंडळी. खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी इथल्या खेळणाऱ्यांशी बोलणं झालंय. सगळे तयार आहेत. दिवाळीनंतर लीग सुरू करावी असं डोक्यात आहे आणि तिच्या शेवटी वैयक्तिक अजिंक्यपद स्पर्धा. माझा अनुभव स्वतः खेळण्याचा आहे, स्पर्धा भरवण्याचा नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

लीग का हवी ते आधी सांगतो. आमच्याकडे सगळीकडे एकच रिवाज आहे, हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. चांगला खेळणारा महिनोन्महिने फुकट खेळतो आणि नवीन शिकणारा रोज खिसा रिकामा करून घरी जातो. असा पोरगा दोन महिने येतो, मग दिसत नाही. हा रिवाज मोडायचा तर "हरू नकोस" सांगून भागणार नाही. त्याला हरूनही पुढच्या रविवारी यावंसं वाटेल अशी काहीतरी रचना पाहिजे. लीगमध्ये टेबलाचा खर्च वर्गणीतून जाईल, हरण्या-जिंकण्यावर नाही.

प्रश्न असे: संघात किती जण? एका सामन्यात किती फ्रेम, म्हणजे डाव? हँडिकॅप, म्हणजे कमजोर खेळाडूला आधीच काही गुण, ठेवायचा की नाही? लीग आणि अजिंक्यपद यांचा संबंध काय ठेवायचा? ज्यांनी मुंबई-पुण्याकडे क्लब लीग खेळलीय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

गुहागरकर

उत्तम धागा. मी मुंबईत बरीच वर्षं क्लब लीग खेळलो, आता गावी आहे. लीग कशाने मरते ते मला माहीत आहे, तिथूनच सुरू करतो.

पहिली गोष्ट वेळ. हौशी खेळाडूंची १५ लाल चेंडूंची एक फ्रेम सरासरी पाऊण तास घेते. टीव्हीवर १० मिनिटांत संपणारी फ्रेम बघून वेळापत्रक आखू नका. तिघांचा संघ, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराशी दोन फ्रेम, म्हणजे सामन्याला ६ फ्रेम. एका टेबलावर हे साडेचार तास होतात. चार जणांचा संघ केलात तर सहा तास. नोकरीवाला माणूस रविवारी सहा तास देतो, पण एकदाच. दुसऱ्या वेळी त्याची बायको विचारते आणि तिचं बरोबर असतं. म्हणून तिघांचाच संघ ठेवा, चौथा राखीव.

दुसरी गोष्ट गुण. सामना जिंकला तर २, हरला तर ० असं करू नका. प्रत्येक फ्रेमला १ गुण द्या. ०-५ ने मागे असलेल्या संघालाही सहाव्या फ्रेमचं मोल राहतं, आणि शेवटच्या जोडीतला पोरगा मन लावून खेळतो. सामना ३-३ सुटला तरी काही अडत नाही.

तिसरी आणि खरी मारक गोष्ट म्हणजे "पुढच्या आठवड्यात खेळू". तारीख ठरली की ठरली. सामना पुढे ढकलायचा तर आधी कळवायचं आणि पुढची फेरी लागायच्या आत खेळून संपवायचा. नाहीतर समोरच्या संघाला सरळ ४ गुण, आपल्याला शून्य. हा नियम पहिल्याच दिवशी कागदावर सगळ्या कर्णधारांच्या सहीने घ्या. मी दोन लीग बंद पडताना पाहिल्या, दोन्ही याच एका गोष्टीपायी.

आता अंतर. सहा संघांची सरळ होम-अवे केली तर ३० सामने, प्रत्येकी १०. खेडच्या माणसाला सावंतवाडीला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. त्यापेक्षा उत्तरेचे तीन आणि दक्षिणेचे तीन असे दोन गट करा. गटात प्रत्येकाशी दोनदा आणि समोरच्या गटाशी एकदा. प्रत्येक संघाचे ७ सामने होतात, ४२ फ्रेम. गटातले सामने केंद्र पद्धतीने लावा: जिथे दोन टेबलं आहेत तिथे तिन्ही संघांनी एका रविवारी यायचं आणि तिन्ही सामने उरकायचे. १८ फ्रेम, दोन टेबलं, सकाळी १० ला सुरू केलं तर पाचच्या आत संपतं. असे दोन रविवार गटासाठी, तीन रविवार समोरच्या गटासाठी. पंधरा दिवसांनी एक फेरी धरली तरी हंगाम अडीच महिन्यांत आटोपतो.

बागायतदार

दिवाळीनंतर सुरू करा आणि शिमग्याच्या आत संपवा. मार्चपासून आंबा. तेव्हा देवगड-रत्नागिरी पट्ट्यातला कुणी माणूस रविवार देणार नाही, आणि देऊही नये.

चिवला

मी मालवणचो. आमच्याकडे पूलचा टेबल असा, स्नूकरचा नाय. आम्ही दोघे-तिघे कुडाळाक जावन खेळतव. आमका कुडाळच्या संघात घेशात काय?

आणि कोणीतरी म्हणतला की जून-जुलैत मासेमारी बंद असता, होडये किनाऱ्याक असतत, पोरगे मोकळे, तेव्हा लीग ठेवा. ता ऐकू नकात. पोरगे मोकळे असतत ता खरा, पण तेव्हा टेबल खेळण्यासारखो नसता.

वाशिष्ठी

चिवला यांच्याशी १०० टक्के सहमत. मी टेबलं बसवण्याचं आणि कापड बदलण्याचं काम करतो, त्याआधी मार्कर, म्हणजे गुण मांडणारा, होतो. त्यामुळे टेबलाबद्दल थोडं लांबण लावतो, चालवून घ्या. कारण लीगमध्ये सगळे वाद माणसांचे वाटतात, त्यातले निम्मे टेबलाचे असतात.

स्नूकरचं कापड लोकरीचं असतं. लोकर हवेतला ओलावा धरून ठेवते. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. जुलैत चेंडू ओल्या गोधडीवरून ढकलल्यासारखा चालतो. कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, निघण्याचा कोन बदलतो. दोन चेंडूंच्या टकरीत मध्येच "किक" बसते, पांढरा उडी मारल्यासारखा होतो आणि सरळ पॉट, म्हणजे चेंडू खिशात घालणं, चुकतो. खेळणारा स्वतःला दोष देतो, क्यूच्या टिपेला दोष देतो, शेवटी समोरच्याशी भांडतो.

लीगच्या प्रत्येक टेबलाला सामन्याआधी दोन गोष्टी सक्तीच्या करा. एक, ब्रश. बॉल्कच्या बाजूने, म्हणजे जिथून फ्रेम सुरू होते तिथून, काळ्याच्या बाजूकडे, एकाच दिशेने, कारण लव त्या दिशेला झुकलेली असते. उलटा ब्रश मारला की संथ चेंडू भलतीकडे वळतो. दोन, इस्त्री. तीही त्याच दिशेने, कोमट, वाफ अजिबात नको. इस्त्री एका जागी थांबवायची नाही. आणि ब्रश आधी, इस्त्री नंतर. धुळीवरून इस्त्री फिरवली तर धूळ कापडात बसते आणि काळे पट्टे पडतात, ते परत निघत नाहीत.

टेबल सपाट आहे का हे पाहायला स्पिरिट लेव्हल असेल तर उत्तमच. नसेल तर पांढरा चेंडू बॉल्क रेषेवरून अगदी हळू काळ्याच्या ठिपक्यावर सोडा. पोचता पोचता, वेग मरताना, तो कुठे ढळतो ते पाहा. वेगात असताना ढाळ कळत नाही. पूर्ण मापाचं टेबल स्लेटसकट एक टनाहून जड असतं, जांभ्याच्या जुन्या घरात जमीन थोडी जरी बसली तरी एक पाय खाली जातो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात तळमजल्यावरचं एक टेबल पाण्याखाली गेलं होतं. ते उघडायला मी होतो. स्लेटला काही झालं नव्हतं, तो दगडच. पाचही फरशा चिखल धुऊन, सुकवून परत बसवल्या, सांधे भरले. पण खालची लाकडी चौकट फुगून सांध्यातून उघडली होती, कुशनचं रबर सुटून लोंबत होतं, आणि कापडाला बोट लावलं की ते हातात येत होतं. तिथे आज पुन्हा खेळ चालतो. पण मालकांना आता टेबल वरच्या मजल्यावर हवं आहे, आणि तिथे तेवढं वजन घेणारा स्लॅब नाही. नवीन जागा घेणाऱ्यांनी हे दोन्ही आधी बघावं.

काळा_सात

वेळ आणि टेबल याबद्दल वर छान लिहिलंय. हँडिकॅपला मात्र माझा विरोध आहे, स्पष्ट लिहितो.

मी रोज दोन तास सराव करतो. माझ्या मेहनतीचं बक्षीस म्हणून समोरच्याला फ्रेम सुरू व्हायच्या आधीच २१ गुण? खेळ सुधारायचा असेल तर चांगल्या खेळाडूकडून हरावंच लागतं. शिवाय हँडिकॅप आला की लबाडी येते. लोक मुद्दाम वाईट खेळून जास्तीचा स्टार्ट, म्हणजे हे आयते गुण, घेतात आणि बाद फेरीत ५० चा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत ५० गुण, लावतात.

गुहागरकर

काळा_सात, तुमचा राग समजतो. पण आकडे मांडून बघू.

समजा तुम्ही आणि एक नवशिका खेळताय. लाल संपले, फक्त सहा रंग टेबलावर, म्हणजे २७ गुण शिल्लक. तुमचे ५५, त्याचे ३०. फरक २५. जिंकायला त्याला पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सगळेच्या सगळे घ्यायला हवेत. तो घेणार नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि तुम्हालाही. तो क्यू ठेवतो, हात मिळवतो. तुम्हाला त्या फ्रेममध्ये नेमका कुठला सराव झाला?

आता त्याला २१ चा स्टार्ट होता असं धरा. फलक ५५-५१ दाखवतो. फरक ४. आता तुम्हाला पिवळा सोडून चालत नाही. हिरव्यावर सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न ठेवणारा मार, खेळताना पांढरा तपकिरीमागे लपवावा लागतो. तो स्नूकरमधून, म्हणजे त्या आडोशातून, सुटायला दोन कुशनचा विचार करतो, आयुष्यात पहिल्यांदा. खरं स्नूकर इथे सुरू होतं, आणि दोघांसाठी.

लबाडीवर उपाय आहे. हँडिकॅप कायमचा देऊ नका. पायऱ्या ठेवा, ७-७ च्या, लक्षात ठेवायला सोप्या. ज्याचा ब्रेक नेहमी ५० च्या वर जातो तो शून्यावर. ३० ते ५० वाला ७. १५ ते ३० वाला १४. त्याखालचा २१. दोघांतला फरक तेवढा स्टार्ट, २१ च्या वर कधीच नाही. दर दोन फेऱ्यांनी सहाही कर्णधारांनी बसून यादी पाहायची. ज्याने ओळीने सगळ्या फ्रेम मारल्या त्याची एक पायरी कमी. आणि कुणी लीगमध्ये आपल्या पायरीच्या वरचा ब्रेक लावला तर त्याच दिवसापासून पायरी बदलली. ब्रेक सगळ्यांसमोर लागतो, लपवता येत नाही.

तुमच्या मेहनतीचा मानही राहिला पाहिजे, ते अगदी मान्य. म्हणून अजिंक्यपद स्पर्धेत हँडिकॅप शून्य. तिथे सगळे बरोबरीने सुरू करतात. लीग गावाची, अजिंक्यपद खेळाडूचं.

काळा_सात

अजिंक्यपद बिनस्टार्टचं असेल तर माझी हरकत मागे. पण ड्रॉ नीट काढा. चिठ्ठ्या टाकून पहिल्याच फेरीत दोन उत्तम खेळाडू समोरासमोर आणू नका.

गुहागरकर

बरोबर. लीगमध्ये जिंकलेल्या फ्रेमवरून मानांकन द्यायचं, पण बिनस्टार्टचे आकडे बघून. म्हणजे प्रत्येक फ्रेमची नोंद दोन्ही प्रकारे ठेवा, स्टार्टसह आणि स्टार्टशिवाय. वहीत एक जादा रकाना, एवढंच काम.

समजा २२ जणांनी नावं दिली. बाद फेरीचा तक्ता ३२ चा लागतो, म्हणजे १० जागा रिकाम्या. वरच्या १० मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल, उरलेले १२ जण खेळतात, त्यातून ६ येतात, दुसऱ्या फेरीत १६ पूर्ण. पहिला आणि दुसरा मानांकित तक्त्याच्या दोन टोकांना. एकूण २१ सामने, कारण एक विजेता सोडून प्रत्येक जण एकदाच हरतो. सुरुवातीच्या फेऱ्या तीन फ्रेमच्या, उपांत्य पाचच्या, अंतिम सामना सातचा. दोन शनिवार-रविवार पुरतात.

पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी वेगळी प्लेट स्पर्धा ठेवा, ६ लालांची. ६ लालांच्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त ब्रेक ७५ चा होतो आणि फ्रेम वीस मिनिटांत संपते. सावंतवाडीहून आलेला माणूस सकाळी ११ ला हरून परत गाडी पकडतो, हे वाईट दिसतं.

सावंतवाडीची_आई

मी खेळत नाही, माझी मुलगी खेळते. शाळेत आहे. तिच्या मामाने शिकवलं. ती खरोखर चांगली खेळते असं लोक सांगतात, पण क्लबमध्ये संध्याकाळी पाठवायला माझा जीव धजत नाही. सिगारेटचा धूर, पैसे लावून खेळणारे, आरडाओरड. नातेवाईक तर म्हणतात, मुलीला कुठल्या खेळाला घातलंस, हा आपला खेळच नाही. तुमच्या लीगमध्ये मुलींना घेणार का? आणि यातून पुढे काही वाट आहे का?

वाशिष्ठी

ताई, आधी "आपला खेळ नाही" याचं उत्तर. स्नूकर जन्मला जबलपूरला, १८७५ मध्ये, तिथल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. भारताला कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता दिला तो याच टेबलाने: विल्सन जोन्स, जन्म पुण्याचा, १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते. स्नूकरमध्ये ओम अग्रवाल यांनी १९८४ मध्ये डब्लिनला हौशी जागतिक अजिंक्यपद जिंकलं. पंकज अडवाणी २००३ मध्ये जिंकले, त्यांचाही जन्म पुण्याचा. मुंबईचे यासिन मर्चंट दोनदा आशियाई विजेते. नातेवाईकांना एवढी यादी वाचून दाखवा.

गुहागरकर

ताई, वाट आहे, आणि ती मुलींसाठीही आहे. देशात खेळाचा कारभार बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया पाहते. राज्याची संघटना राज्य स्पर्धा घेते, तिथून राष्ट्रीय स्पर्धेत जाता येतं. सब-ज्युनियर, ज्युनियर आणि खुला असे गट असतात, मुलींचे वेगळे. राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांतून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयबीएसएफच्या जागतिक आणि आशियाई स्पर्धांसाठी निवड होते. हे सगळं हौशी खेळातच धरलं जातं. व्यावसायिक टूर वेगळी, तिचं घर इंग्लंड. तिथेही आपली माणसं गेली आहेत. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला होता, हरला तो डिंग जुनह्वीकडून.

आपल्या लीगमधून थेट कुणी राष्ट्रीय स्पर्धेत जाणार नाही, हे खरं. पण राज्य स्पर्धेला गेलेल्या मुलाला अनोळखी टेबलावर, अनोळखी माणसासमोर, नियमाने खेळायची सवय नसेल तर तो पहिल्याच फेरीत गळतो. ती सवय लीग देते.

मिऱ्याबंदर, ताईंच्या बाकीच्या मुद्द्यांचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, आणि नियम म्हणून द्यायचं आहे. सामन्याच्या दिवशी जागेत धूम्रपान बंद. पैज लावताना सापडला तो हंगामातून बाहेर, मग तो कितीही मोठा खेळाडू असो. कॉलरचा शर्ट, काळी पँट, बूट. राष्ट्रीय स्पर्धेत वेस्टकोट आणि बो लागतो, आपल्याला तेवढं नको, पण बर्मुडा आणि चपला नकोत.

मिऱ्याबंदर

ताई, मुलगी सावंतवाडीच्या संघात खेळेल. सामने दिवसाउजेडी, केंद्रावर. पालकांनी बसून पाहावं, खुर्च्या ठेवतो. धूम्रपान आणि पैज याबद्दल वरचे नियम जसेच्या तसे घेतो.

आता एक अडचण, तिच्यावर कुणी बोललं नाही. पंच कुठून आणायचे? आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं फाउलवरूनच होतात.

वाशिष्ठी

पंच बाहेरून आणायची गरज नाही. ज्यांची फ्रेम चालू नाही त्यांच्यातला एक मार्कर होतो, फलक आणि चेंडू तोच सांभाळतो. निर्णय त्याचा, आणि शंका असेल तर फायदा खेळणाऱ्याचा.

फाउल स्वतःहून सांगायचा, ही या खेळाची जुनी रीत आहे. ब्रिज बनवताना शर्टाची बाही गुलाबीला घासली, समोरच्याला दिसलंही नाही, तरी माणूस सरळ उभा राहतो आणि सांगतो "फाउल, सहा." अशा माणसाशी परत खेळायला सगळे येतात. लीगमध्ये हे एकदा रुळलं की मार्करला काम उरत नाही.

"मिस"चा नियम मात्र पूर्ण लावू नका. व्यावसायिक पातळीवर स्नूकरमधून लाल चुकला की पंच मिस देतो, चेंडू परत जागेवर ठेवतात, पुन्हा मार. आपल्याकडे चेंडू नेमके परत ठेवणारा कुणी नाही, आणि नवशिक्याला ओळीने पाच वेळा तोच फटका मारायला लावला तर त्याचे २० गुण जातात आणि खेळही बसतो. हौशी लीगमध्ये फाउलचे गुण द्या आणि पुढे चला. अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीपासून मिस लावा, तिथे दोन जाणते मार्कर बसवता येतील.

फ्री बॉल मात्र सगळ्यांना शिकवून घ्या. फाउलनंतर जो चेंडू घ्यायचा आहे त्याच्या दोन्ही कडांना सरळ रेषेत मारता येत नसेल, म्हणजे एक जरी कड दुसऱ्या चेंडूने झाकली असेल, तर दुसरा कुठलाही चेंडू त्याच्या जागी धरता येतो. अर्ध्या लोकांना हा नियमच माहीत नसतो, आणि कळतो तो भांडण झाल्यावर.

काळा_सात

मी आणि आमच्या क्लबातले दोघे मार्कर म्हणून उभे राहू, उपांत्य फेरीपासून. आम्ही त्यात नसलो तर.

चिवला

माझ्या प्रश्नाचा काय झाला? कुडाळच्या संघात?

मिऱ्याबंदर

चिवला भाऊ, घेतलं. कुडाळ-मालवण असा एकच संघ करू, कुडाळच्या कर्णधारांशी आजच बोललो. टेबल त्यांचं, सरावाला तुम्ही शनिवारी या.

शेवटचा एक प्रश्न राहिला. स्टार्ट धरून फ्रेम बरोबरीत सुटली तर? म्हणजे काळा पॉट झाला आणि फलक ५८-५८. स्टार्ट घेणाऱ्याची फ्रेम धरायची का?

गुहागरकर

नाही. फलकावर जे आकडे आहेत तेच खरे, स्टार्ट त्यात आलाच. काळा परत त्याच्या ठिपक्यावर ठेवायचा, नाणं उडवायचं. जिंकणारा ठरवतो की आधी कोण खेळणार. पांढरा डी मधून, म्हणजे बॉल्क रेषेवरच्या अर्धवर्तुळातून, हातात घेऊन खेळायचा. काळा पॉट झाला किंवा कुणाचा फाउल झाला की फ्रेम तिथेच संपली. नवीन मुलांना हे आधी एकदा करून दाखवा. पहिल्या फटक्यात सगळे पॉट मारायला जातात. काळा बॉल्कच्या कुशनजवळ आणि पांढरा वरच्या टोकाला राहील असा सेफ्टी मारायला शिकवा.